खिडकीजवळची खुर्ची

गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडून मुंगीताई बेसिनपाशी उभी होती आणि बाहेर माणसं खोकत होती. रक्त द्यायला येणारी माणसं सकाळी उपाशीपोटी येतात, आणि उपाशी माणसाच्या खोकल्यातसुद्धा राग असतो. काचेच्या दारापलीकडचे बाक भरले होते. एक आजोबा सारखे उठून भिंतीवरच्या घड्याळाकडे असे बघत होते, की घड्याळालाच घाम फुटावा. मुंगीताईने दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत पाण्याखाली धरले होते आणि ती मूठ वळायचा प्रयत्न करत होती. बोटं अर्ध्यापर्यंत यायची आणि तिथेच अडायची.

"ताई, हात धुऊन झाले असतील तर या. नाहीतर टॉवेल आणून देतो, आंघोळच उरका," लंबू दारातून म्हणाला.

"तू तुझ्या खुर्चीवर बस. आले मी."

लंबू म्हणजे तिथला दुसरा तंत्रज्ञ. खुर्चीत बसायचं तर त्याला स्वतःची घडी घालावी लागे. इस्पितळाच्या रक्ततपासणी विभागात रक्त काढायच्या दोनच जागा होत्या. दारापाशी लंबू बसायचा आणि खिडकीजवळ मुंगीताई. खिडकीजवळच्या जागेसाठी लोक आपला नंबर सोडून मागे थांबत, कारण तिथे दुखत नाही असा लौकिक होता. मुंगीताई हे नाव तिला पोरांनी दिलं होतं. रडणाऱ्या पोराला ती सांगायची, "काही नाही रे, मुंगी चावेल, बस," आणि पोरगं मुंगी कुठे आहे ते बघेपर्यंत नळी भरलेली असायची. पुढे मोठे डॉक्टरही तिला त्याच नावाने हाक मारू लागले.

तिची सगळी करामत उजव्या हाताच्या पहिल्या बोटात होती. नवीन येणाऱ्यांना ती पहिल्याच दिवशी सांगायची, "दिसतेय त्या शिरेच्या मागे लागू नका. डोळे मिटा आणि बोटाला काय लागतं ते बघा." लंबूलाही तिनेच असं शिकवलं होतं. म्हाताऱ्यांच्या सुरकुत्यांत लपलेल्या, गुबगुबीत बाळांच्या कोपरात बुडालेल्या शिरा तिच्या बोटाला बरोबर सापडायच्या. या गोष्टीचा तिला गर्व होता का? होता. चांगला ठसठशीत गर्व होता, आणि तो असायलाच हवा होता.

पहिला नंबर त्या आजोबांचाच. मुंगीताईने त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, म्हणजे बांधल्यासारखा केला आणि एक टोक कोपराने दाबून धरलं. मग सुई घेतली. सुईवरची टोपी चिमटीत धरून ओढायची असते. चिमूट जुळेना. आजोबांनी खिडकीबाहेर नजर वळवली, तसं तिने अंग चोरलं, टोपी दातांत धरली आणि ओढून काढली.

इस्पितळात काम करणाऱ्याने सुईला तोंड लावणं म्हणजे काय, हे सांगायला नको. याच चुकीसाठी एका शिकाऊ मुलीला मुंगीताईने सर्वांसमोर असं फैलावर घेतलं होतं, की ती पोरगी दुसऱ्या दिवशी आलीच नाही. आता तीच चूक ती स्वतः करत होती आणि पहिल्यांदा करत नव्हती.

शीर मात्र सापडली. आजोबा म्हणाले, "झालं? कळलंसुद्धा नाही." तिने हसून कापूस लावला आणि मान वर केली, तर लंबू तिच्याकडेच बघत होता.

गर्दी ओसरल्यावर तो चहाचा कप घेऊन आला. एकच कप. तिच्यासाठी.

"दाताने?" तो हळू आवाजात म्हणाला.

"काय दाताने?"

"मी उंच आहे ताई, आंधळा नाही. वरून सगळं दिसतं."

"थंडीने आखडतात हात. तुला काय करायचंय?"

"ही थंडी मागच्या उन्हाळ्यापासून आहे." त्याने मागे वळून दार लागलंय का ते पाहिलं. "तुम्ही मोठ्या डॉक्टरांना सांगा. नाही सांगितलंत, तर मला सांगावं लागेल. उद्या एखाद्या पोराच्या हातात सुई तिरकी गेली म्हणजे?"

"आणि मग खिडकीजवळ कोण बसणार? तूच ना?"

लंबूची कानशिलं तापली. "असं वाटतं तुम्हाला?" एवढंच म्हणून तो गेला. चहा तसाच राहिला. कप दोन्ही तळव्यांत धरून उचलावा लागला असता, आणि समोरच्या बाकावर अजून माणसं होती.

दुपार झाली की मात्र हात सुटायचे. तिची फसगत व्हायची ती इथेच. सकाळी ज्या बोटांना कोटाची बटणं लागत नसत, तीच बोटं दुपारी यंत्रात नळ्या भरायची, लेबलं चिकटवायची. मग तिला वाटायचं, आपण उगाच घाबरतो. शिवाय तिच्याकडे पुरावा होता. दोनदा तिने स्वतःच्या डाव्या हातातून रक्त काढून यंत्राला लावलं होतं. संधिवाताच्या ज्या दोन खुणा रक्तात शोधतात, त्या दोन्ही नाहीत असा निकाल आला होता. निगेटिव्ह. जन्मभर तिने यंत्रावर विश्वास ठेवला होता आणि खिडकीतून रिपोर्ट देताना लोकांना सांगितलं होतं, "निगेटिव्ह आहे. काही नाही. घरी जा." आता स्वतःलाही तिने तेच सांगितलं. नवरा बोटीवर इंजिनखोलीत कामाला होता. त्याचा फोन आला तेव्हा तोही म्हणाला, "निगेटिव्ह आहे ना? मग झालं तर."

घरी सासूबाई होत्या. नवरा सहा-सहा महिने समुद्रावर, तेव्हा घर दोघींचंच. आणि घरात सांधे दोघींचेही दुखत होते. पण एकीचं दुखणं दुसरीशी जुळत नव्हतं. सासूबाई सकाळी उठल्या की दोन-चार पावलं लंगडायच्या आणि मग त्यांची गाडी रुळावर यायची. दिवसभर जिने चढून, ओट्यापाशी उभं राहून संध्याकाळी गुडघे बोंबलू लागायचे. बसलं, पाय वर घेतले की आराम. सुनेचं सगळं उलटं. रात्रभर झोपून उठली की अंगाचा ओंडका झालेला असायचा. हलत राहिली, काम करत राहिली की जरा सुटायचा. जिथे सासूबाईंना बरं वाटायचं तिथे हिला दुखायचं. थकवा तर असा, की एखाद्या दिवशी घराच्या जिन्यावरच बसून राहावंसं वाटायचं, ताप आल्यासारखं.

आणि सासूबाईंना दिसायचं ते वेगळंच. सकाळी सून झाकण उघडायला बरणी पुढ्यात सरकवते आणि संध्याकाळी मात्र धडधाकट.

"सकाळी तुला कप उचलवत नाही आणि संध्याकाळी पडदे धुतेस," त्या स्टुलावर पाय ठेवून म्हणाल्या. "घड्याळ बघून येणारा हा कुठला आजार गं?"

"तुमचंही घड्याळ बघूनच येतं की, आई. तुमचं घड्याळ फक्त संध्याकाळचं आहे."

"माझं वय झालंय. तुला काय झालंय?"

निगेटिव्ह रिपोर्ट पर्समध्ये घडी घालून ठेवलेला होता आणि तो सासूबाईंच्या बाजूने बोलत होता. मुंगीताईला वाईट याचं वाटलं, की मनातल्या मनात तीही सासूबाईंशी सहमत होती. सकाळची कामं चुकवणारी बाई आपल्यातच कुठेतरी दडून बसली असेल, असं तिला वाटू लागलं होतं.

सासूबाईंचा एक गुडघा बदलायचं ठरलं. शस्त्रक्रियेआधी रक्त तपासायला सांगितलं होतं. त्यांनी आधीच जाहीर करून टाकलं, "सुनेनेच काढायचं. परक्याची सुई मी टोचून घेणार नाही." शेजारणींना सांगून झालं, रिक्षावाल्यालाही सांगून झालं. सुनेच्या कामचुकारपणाबद्दल त्यांचं मत काहीही असो, तिच्या बोटाबद्दल त्यांना शंका नव्हती.

त्या दिवशी ती पहाटेच उठली. हात गरम पाण्यात ठेवले, टॉवेलात गुंडाळले, बगलेत धरले. काही उपयोग झाला नाही. बोटांचे मधले सांधे फुगून चकाकत होते, दोन्ही हातांचे अगदी जोडीने, आणि मनगटातून मुंग्या निघून पहिल्या बोटाच्या टोकापर्यंत जात होत्या. सगळ्या गावाला मुंगी चावते म्हणून सांगणाऱ्या बाईच्या हाताला आता मुंग्याच मुंग्या. तिला हसू आलं नाही.

विभागात सासूबाई खुर्चीत ऐटीत बसल्या. बाही वर केली. आजूबाजूच्या लोकांना म्हणाल्या, "ही माझी सून."

लंबू आपल्या जागेवर होता. त्याच्यापुढे कुणीतरी हात धरून बसलं होतं, तरी त्याचं लक्ष खिडकीकडे होतं. मुंगीताईला ते पाठीवर जाणवत होतं. पट्टा कसाबसा बांधला. टोपी दातांनी काढायची आज सोयच नव्हती. ती तिने खुर्चीच्या हातावर अडकवून उडवली. ती टक्कन खाली पडली.

मग तिने डोळे मिटले आणि बोट सासूबाईंच्या कोपराच्या खळगीत ठेवलं.

बोटाला काहीच लागलं नाही.

जरा डावीकडे, जरा वर. त्वचा होती, खाली चरबी होती. पण ती नेहमीची, दाबली की उसळून वर येणारी मऊ दोरी कुठेच नव्हती. म्हणजे ती तिथे असणारच होती. बोटालाच कळत नव्हतं. बाहेर कुणीतरी खोकलं. तिने डोळे उघडले, हाताच्या निळसर रेषेकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा बोटाला न विचारता सुई घातली.

सुई आत गेली आणि शीर बाजूला सरकली. नळीत काही आलं नाही. तिने सुई थोडी मागे घेऊन वळवायचा प्रयत्न केला, पण मनगट वळलं नाही, झटका बसला. त्वचेखाली निळा फुगा बघता बघता वाढला.

मुंगीताईने सुई काढली, कापूस दाबला, आणि तिला वाटलं, आता बोलतील, आता सगळ्यांसमोर बोलतील. पण सासूबाई आपल्या हाताकडे बघतच नव्हत्या. त्या सुनेच्या हाताकडे बघत होत्या. कापूस दाबणारा तो हात त्यांनी दुसऱ्या हाताने धरला. बोटांचे सांधे एकेक करून चाचपले, जसं आपण भाजी घेताना चाचपतो.

"अगं, हे तापलंय," त्या म्हणाल्या.

"काही नाही, आई. थंडीने."

"थंडीने माणूस गरम होतो? आणि हे मऊ आहे. भिजवलेल्या कणकेसारखं." त्यांनी सुनेचा तळवा ओढून स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला, सगळ्या लोकांदेखत. "माझा बघ. हाडासारखा कडक. दुखतो मेला, पण असा कधी पेटत नाही. हे माझ्यासारखं नाही गं."

मुंगीताईला म्हणायचं होतं, की रिपोर्ट निगेटिव्ह आहे. इतके महिने कुणी तिचा हात हातात घेऊन बघितला नव्हता, आणि घेतला तो सासूबाईंनी. तिचे डोळे भरून आले आणि ते पुसायला तिने हात वर केला, तर कोपरही नीट वळेना.

सासूबाईंनी लंबूकडे पाहिलं. "ए उंच मुला, इकडे ये. दुसरा हात घे माझा. आणि नीट काढ, हिने शिकवलंय ना तुला?"

लंबू आला. गुडघ्यावर बसला, डोळे मिटले आणि बोटाने शीर शोधली. नळी भरली. तो मुंगीताईकडे न बघता म्हणाला, "आज दुपारी मी तुमच्याबरोबर येतो डॉक्टरांकडे."

"तू नको. मी जाते," सासूबाई म्हणाल्या. "तू इथलं सांभाळ."

सांध्यांच्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी रिपोर्टवर एक नजर टाकली आणि तो बाजूला ठेवला. मग मुंगीताईच्या बोटांचा प्रत्येक सांधा दोन बोटांनी दाबून पाहिला. मनगटं, कोपर, पावलांचे चवडे. कुठे दाबल्यावर ती श्वास रोखते ते बघत राहिल्या. मुंगीताईच्या लक्षात आलं, की या बाईंचीही पद्धत तीच आहे. त्याही बोटानेच शोधत होत्या.

"सकाळी किती वेळ आखडलेलं राहतं?"

"ऊन वर येईपर्यंत."

"आणि आजी, तुमचं?"

"माझं? न्हाणीघरापर्यंत जाईतो," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "हा संधिवातच आहे. आमवात म्हणतात तो."

"पण मी स्वतः तपासलंय," मुंगीताई एकदम म्हणाली. "दोनदा. दोन्ही खुणा निगेटिव्ह आहेत."

"असतील. पाचातल्या एखाद्याच्या रक्तात या खुणा सापडतच नाहीत. आजार असतो, खूण नसते. सूज वाढल्याचं दुसऱ्या तपासणीत कळेल, एक्स-रेच्या फोटोत दिसेल, पण मुख्य म्हणजे ते इथे हाताला लागतंय." त्यांनी मधल्या बोटाचा सांधा पुन्हा दाबला. "तुम्ही यंत्राला विचारलंत ते ठीक. कुणाला हात दाखवलात का?"

मुंगीताईने सासूबाईंकडे पाहिलं.

"म्हणजे माझं आणि हिचं एक नव्हे?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही हो आजी. तुमच्या गुडघ्यातली गादी झिजली आहे. वापराने, वयाने. दाराची बिजागरी झिजते तसं. ती विश्रांती मागते. यांचं झिजलेलं नाही. यांच्या शरीराचे पहारेकरी चोर समजून घरच्यांनाच मारताहेत. नुसतं गरम पाण्याने शेकून ते थांबणार नाहीत, औषधानेच थांबतील. आणि थांबवले नाहीत तर हाड कुरतडतील."

फोटो काढल्यावर कळलं, की उजव्या मनगटात थोडं कुरतडून झालंच होतं. पडद्यावर हाडाच्या कडेला उंदराने खाल्ल्यासारखा एक बारीक खळगा होता. मुंगीताई त्याच्याकडे बघत राहिली. तिला निगेटिव्ह रिपोर्टचे ते दोन्ही कागद आठवले, आणि ते किती खुशीत तिने घडी घालून ठेवले होते तेही.

"हे भरून येईल?"

"पुढचं थांबवू. झालेलं भरत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी ते गोड करून सांगितलं नाही याबद्दल मुंगीताईला त्यांचा राग आला आणि थोड्या वेळाने विश्वासही वाटला.

गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची होती. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतेल असं दोनदा बजावलं होतं. सासूबाईंनी ती डबी स्वतःच्या ताब्यात घेतली आणि ठरलेल्या वारी तोफखान्यावरच्या शिपायासारख्या पाण्याचा पेला घेऊन उभ्या राहू लागल्या. गुण यायला आठवडे लागले. पुढे सासूबाईंचा गुडघा बदलला, त्या काठी घेऊन चालू लागल्या. आता त्या रात्री झोपण्याआधी स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्यांची झाकणं सैल करून ठेवायच्या आणि सकाळी सुनेच्या कोटाची बटणं लावून द्यायच्या. संध्याकाळी सून त्यांचे पाय स्टुलावर उचलून ठेवायची. दोघींची घड्याळं उलटी होती, त्यामुळे घरात कुणी ना कुणी उभं असायचंच. भांडणं पहिल्यासारखीच व्हायची, फक्त आजारावरून होत नसत.

मुंगीताईने मोठ्या डॉक्टरांना स्वतःच सांगितलं. तिला दुपारची पाळी मिळाली, आतल्या खोलीत यंत्रांवर. तिच्या मागे लंबूने खिडकीजवळची जागा कितीतरी दिवस रिकामीच ठेवली आणि दाराजवळ एकटा सगळी गर्दी उपसत राहिला. तिला कळलं तेव्हा ती त्याच्यावर उखडली. "मी मेले नाही अजून. खुर्ची अडवून काय ठेवलीस? माणसं खोळंबतात." त्याच्यावर घेतलेल्या संशयाबद्दल तिला बोलायचं होतं, पण जमलं ते एवढंच. त्यालाही तेवढं पुरलं असावं.

औषध पोटात जातं तर यकृतावर लक्ष ठेवावं लागतं, म्हणून तिला दर महिन्याला रक्त द्यायचं होतं. तशी ती एका सकाळी गेली. आखडणं आता चहा होईपर्यंतच राहायचं, पण मनगट पूर्वीसारखं वळत नव्हतं. ते तसंच राहणार होतं. नंबर घेऊन ती बाकावर बसली, उपाशी लोकांत उपाशी.

तिचा नंबर आला तेव्हा खिडकीजवळ एक लहान मुलगी आईच्या मांडीवर रडून गोंधळ घालत होती. दोन्ही हात तिने काखेत दडवले होते. आई घायकुतीला आली होती. मुंगीताईला बघून ती म्हणाली, "अहो, तुम्हीच ना त्या? माझ्या मोठ्याचं तुम्हीच काढलं होतं. तुम्हीच काढा ना हिचं."

लंबूने वर पाहिलं. तो उठायच्या बेतात होता. खिडकीजवळच्या त्या खुर्चीची बैठक त्याच्या पायांच्या मानाने वर फिरवून घेतलेली होती, हे मुंगीताईने पाहिलं. आता त्यावर ती बसली असती तर तिचे पाय जमिनीला टेकले नसते.

"मी आता काढत नाही," ती म्हणाली. मग मुलीच्या शेजारी बसून तिने बाही वर केली आणि हात टेबलावर पसरला. "आधी माझं काढतील. तू बघ हं. नीट बघ, मुंगी कुठून येते ते."

मुलीचं रडणं हुंदक्यावर आलं. लंबूने पट्टा बांधला, डोळे मिटले, बोट ठेवलं. सुई आत गेली. किंचित तिरकी गेली. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं, पण मुंगीताईला कळलं. तिने हात तसाच स्थिर ठेवला. नळी भरत गेली.

"दुखलं?" मुलीने विचारलं.

"मुंगी," मुंगीताई म्हणाली.

मुलीने थोडा विचार केला. काखेतला एक हात बाहेर काढला आणि लंबूपुढे धरला. मुंगीताईने आपल्या कोपरावर कापूस दाबला. अंगठा पुरेसा वळत नव्हता, म्हणून तळव्यानेच दाबला, आणि ती उठून बाजूला झाली.